डीजेचे यंत्र घेताना जोड आधी तपासा

सोयाबीन, कपाशी निघाली की लगीनसराईत चार पैसे मिळावेत म्हणून वऱ्हाडातले काही पोट्टे डीजेचा जोडधंदा धरतात. त्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी.

२०१९ साली आलेले डेनॉनचे ‘प्राइम ४’ हे यंत्र लॅपटॉपशिवाय पेनड्राइव्हवर चालते. त्याच्या आत कंपनीचीच ‘इंजिन डीजे’ प्रणाली असते; ‘सेराटो’सारखे दुसऱ्याचे सॉफ्टवेअर त्यात भरता येत नाही. ते लॅपटॉपवरच राहते. केबल जोडून यंत्र कॉम्प्युटर मोडवर घेतले की यंत्राच्या बटणांनी ते चालवता येते.

ट्रॅक्टर एका कंपनीचा अन् रोटाव्हेटर दुसऱ्या कंपनीचा चालतो, पण पीटीओ जुळावा लागतो. तसंच हे. म्हणून सॉफ्टवेअरवाल्यांच्या यादीत आपले मॉडेल आहे का, परवान्याचे पैसे वेगळे पडतात का, हे आधी विचारावे. दुकानातच आपल्या लॅपटॉपला जोडून तासभर वाजवून पाहावे. मगच पैसे मोजावेत.

सेराटोतील गाण्यांच्या याद्या लॅपटॉपवरच्या इंजिन डीजेत घेऊन पेनड्राइव्हवर उतरवता येतात. असा पेनड्राइव्ह घरूनच तयार करून खिशात ठेवावा. ऐन वरातीत लॅपटॉप बसला, तरी यंत्र पेनड्राइव्हवर घेता येते अन् ठरलेली मजुरी बुडत नाही.