दमेकरी मूल आणि घरचे यंत्र



दमा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कोण येते? खाटेवर उकिडवा बसलेला, छातीचा भाता झालेला एखादा म्हातारा. पण हा आजार पुष्कळदा सुरू होतो तो पाच-सहा वर्षांच्या, अंगणात हुंदडणाऱ्या पोरापासून. दिवसा पोर बरे असते. रात्री दोनच्या सुमारास ते उठून बसते, खोकू लागते, छातीत शिटी वाजल्यासारखा आवाज येतो आणि आईबाप उजाडण्याची वाट पाहत बसतात. अशा एखाद्या रात्रीनंतर ते दवाखान्यात जातात. तेथे एक पेटी असते. तिला नळी, नळीला मास्क, मास्कमधून पांढरा तुषार. दहा-पंधरा मिनिटांत पोराचा श्वास मोकळा होतो. परतताना बापाच्या मनात एकच विचार घोळतो : ही पेटी आपल्याच घरी का असू नये?

ह्या पेटीला नेब्युलायझर म्हणतात, आणि ती घरी घ्यावी का, घ्यायची तर कोणती, हा आजचा विषय. मी डॉक्टर नव्हे. मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतो. पण माझ्या भाच्यासाठी अशी एक पेटी मी विकत घेतली होती आणि ती घेताना चुकलो होतो. तेव्हा ही चूक पदरी असलेल्या एका मामाचे बोलणे म्हणून हे ऐकावे.

प्रथम दम्यात काय होते ते पाहू. छातीतल्या श्वासनळ्यांना झाडासारख्या फांद्या असतात. दम्यात ह्या फांद्या आतून सुजलेल्या आणि हुळहुळ्या असतात. धूळ, धूर, सर्दी-पडसे, थंड हवा असे काही निमित्त झाले की त्यांच्या भोवतीचे स्नायू आवळतात, आत चिकट बेडका साचतो आणि वाट अरुंद होते. म्हणून औषधेही दोन जातींची. एक आवळलेली नळी सैल करणारे; साल्ब्युटामॉल हे त्यातले नेहमीचे. त्याचा गुण काही मिनिटांत येतो आणि काही तासांत ओसरतो. दुसरे सूज कमी करणारे. बुडेसोनाइड हे त्यातले एक. त्याचा गुण हळूहळू येतो, पण डॉक्टर सांगतील तितके दिवस ते नेमाने घ्यावे लागते, पोर बरे दिसत असले तरीही. धाप लागली की पहिले औषध द्यायचे आणि दुसरे विसरायचे, म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. आग सुजेची आहे, ती आतल्या आत धुमसतच राहते.

आता यंत्र. नेब्युलायझर स्वतः औषध नव्हे. पातळ औषधाचा बारीक तुषार करणे एवढेच त्याचे काम. पुष्कळजण ह्या तुषाराला वाफ म्हणतात, पण ती वाफ नव्हे. पातेल्यातल्या गरम पाण्याची वाफ घेण्याचा आणि ह्याचा काही संबंध नाही. त्या पातेल्याने पोरे भाजतात मात्र. तुषाराचा थेंब किती बारीक हवा? एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर एका भागाला मायक्रॉन म्हणतात. माणसाचा केस साधारणपणे ७० मायक्रॉन जाड असतो. छातीतल्या बारीक नळ्यांत पोचायला थेंब १ ते ५ मायक्रॉनचा लागतो. त्याहून मोठा थेंब घशातच बसतो आणि पोटात जातो. म्हणून पेटीतून तुषार किती दाट निघतो हे पाहून भुलू नये. तो किती बारीक आहे हे महत्त्वाचे.

असा तुषार करण्याच्या तीन तऱ्हा आहेत. पहिली कॉम्प्रेसरची. पेटीतला पंप दाबाने हवा सोडतो, ती औषधाच्या भांड्यातल्या बारीक भोकातून जोराने निघते, औषध वर ओढून घेते आणि त्याचे कण करते. अत्तराच्या फवाऱ्याचेच तत्त्व. ही पेटी जड असते, आवाज करते, तिला वीज लागते. पण ती दणकट असते आणि दोन्ही जातींची औषधे तिच्यातून जातात. दुसरी तऱ्हा ध्वनिलहरींनी औषध थरथरवण्याची. तिचा आवाज कमी. पण बुडेसोनाइडसारखे, पाण्यात न विरघळता नुसते तरंगत राहणारे औषध तिच्यातून नीट निघत नाही. तिसरी जाळीची. केसाहून बारीक भोकांच्या जाळीतून औषध ढकलले जाते. ही तळहातावर मावते, बॅटरीवर चालते, आवाज जवळजवळ नसतो. किंमत जास्त, आणि जाळी बुजू नये म्हणून निगाही जास्त.

मी घेतली ती ही तिसरी. बहिणीच्या गावी वीज जाते, पोर आवाजाला घाबरते, म्हणून विचार करूनच घेतली होती. डॉक्टरांनी सुजेवरचे औषध यंत्रातून द्यायला सांगितले होते. बहीण रोज संध्याकाळी घड्याळ लावून दहा मिनिटे ते देई. तीन महिने कुरकुर नव्हती. मग एका पहाटे फोन आला, की पोराला तालुक्याच्या दवाखान्यात नेले आहे, त्याला बोलवतही नाही. मी पोचलो तेव्हा तो सावरला होता. डॉक्टर बाईंनी बहिणीला विचारले, “ताई, एक कुपी संपायला किती वेळ लागतो हो?”

“दहा मिनिटं लावतो. मग बंद करतो.”

“भांड्यात काही उरतं का?”

“उरतं थोडं. अलीकडे जरा जास्तच उरतं. ते ओतून देतो.”

बाईंनी जाळी उजेडाकडे धरून पाहिली. औषधाच्या साक्याने ती बुजत चालली होती. यंत्र चालत होते, थोडा तुषारही दिसत होता. पण औषधाचा निम्मा भाग रोज मोरीत जात होता आणि आम्ही सगळे निर्धास्त होतो. यंत्र वाईट नव्हते. डॉक्टरांनी कोणते औषध लिहिले आहे, ते ह्या यंत्रातून जाते का, आणि जाळी कशी धुवायची, हे तीन प्रश्न मी दुकानात विचारलेच नव्हते. “सगळ्यात चांगलं कोणतं?” एवढाच प्रश्न विचारला होता, आणि प्रश्न चुकला की उत्तर बरोबर कसे यावे?

पण त्या दिवशी ह्याहून मोठी गोष्ट कळली. दवाखान्यात पोराला बरे केले ते कोणत्याच पेटीने नव्हे. हातात मावणारा इनहेलर, म्हणजे आपण ज्याला पंप म्हणतो तो, आणि त्याला जोडलेली प्लास्टिकची पोकळ नळी, म्हणजे स्पेसर, एवढ्यावर काम झाले होते.

ह्या पंपाची गोष्ट मोठी गमतीची आहे. १९५५ साली अमेरिकेत रायकर नावाच्या औषध कंपनीच्या अध्यक्षांच्या तेरा वर्षांच्या दमेकरी मुलीने वडिलांना विचारले, की केसांवर मारायचा फवारा जसा डब्यातून येतो तसे माझे औषध का येत नाही? पुढच्याच वर्षी तसा पंप बाजारात आला. त्याची अडचण एकच होती. फवारा सोडणे आणि श्वास ओढणे एकाच क्षणी जमावे लागते, आणि ते लहान मुलाला जमत नाही. स्पेसरने ती अडचण दूर केली. फवारा नळीत साठतो, मोठा थेंब तेथेच राहतो, बारीक तुषार पोर आपल्या चालीने पाच-सहा श्वासांत घेते. मूल लहान असेल तर स्पेसरला मास्क लावतात. चार-पाच वर्षांनंतर तोंडात धरायची नळी चालते.

पेटीचे औषध जास्त जोरकस, असे आपल्याला वाटते. तिच्या एका कुपीत साल्ब्युटामॉल अडीच मिलिग्रॅम असते आणि पंपाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे पंचविसावा हिस्सा, हे खरे. पण पेटीतले बरेचसे औषध भांड्याला चिकटते किंवा हवेत उडून जाते. छातीत पोचतो तो थोडा भाग. ह्या दोन साधनांची तुलना करणाऱ्या अनेक चाचण्या संशोधकांनी एकत्र तपासल्या आहेत. जिवावर बेतलेला झटका सोडला तर स्पेसर मुलांच्या बाबतीत पेटीपेक्षा कमी ठरत नाही, उलट दवाखान्यातला मुक्काम कमी होतो आणि छातीची धडधडही कमी वाढते, असे त्यातून दिसले. आणि पंपाची सवय लागते म्हणून पेटी बरी, हा समज तर सोडूनच द्यावा. औषध तेच, वाट फक्त वेगळी.

स्पेसर काही शे रुपयांत मिळतो. तोही जवळ नसेल तर? केपटाऊनमध्ये हेदर झार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. अर्ध्या लिटरची प्लास्टिकची बाटली घेऊन बुडाला पंपाच्या तोंडाएवढे भोक पाडले, फट बंद केली, आणि मुलांना बाटलीच्या तोंडातून श्वास घ्यायला लावला. ही बाटली बाजारच्या स्पेसरइतकीच उपयोगी ठरली. साध्या पेल्याने मात्र तसे साधले नाही. अडीनडीला बाटली, एरवी स्पेसर, असे धरावे.

मग पेटी घ्यायचीच नाही का? तसे नाही. फारच लहान मूल, किंवा स्पेसर काही केल्या तोंडाला लावू न देणारे मूल, किंवा वारंवार जोराचे झटके येणारे आणि दवाखान्यापासून दूर राहणारे मूल असेल, तर डॉक्टर पेटी सुचवतात. मात्र ते त्यांनी सुचवावे, दुकानदाराने नव्हे. अशा वेळी काय पाहाल?

डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर न्या आणि ‘हे औषध ह्या यंत्रातून जाते का’ असे माहितीपत्रकात दाखवून मागा. सुजेवरचे औषध द्यायचे असेल तर खेड्यातल्या घराला बहुधा कॉम्प्रेसरचीच पेटी सोयीची. थेंबाचा आकार पत्रकात पाहा. तो ५ मायक्रॉनच्या आत हवा. मास्क मुलाच्या मापाचा घ्या. मोठ्या माणसाचा मास्क बाळाला लावला तर औषध गालावरून उडून जाते. भांडे, नळी आणि हवेची गाळणी सुटी मिळते का, दुरुस्ती जवळपास होते का, हे विचारा. केंद्र सरकारने नेब्युलायझर औषध कायद्याखाली आणला आहे. तेव्हा बनवणाऱ्याचे नाव-पत्ता नसलेले बिननावाचे यंत्र स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका, आणि पावती सांभाळा.

वापराचे नियम थोडे आहेत. हात धुवा. मुलाला उभे-ताठ बसवा. मास्क चेहऱ्याला नीट टेकवा. नाकापासून वीतभर दूर धरून उपयोग नाही. रडणाऱ्या मुलाच्या छातीत औषध कमी जाते, म्हणून आधी त्याला कुशीत घ्या, गोष्ट सांगा. औषध पातळ करायला सांगितले असेल तर कुपीतले निर्जंतुक सलाइनच वापरा, माठातले किंवा नळाचे पाणी नको. निलगिरीचे तेल, कापूर, काढा ह्यांतले काहीही त्या भांड्यात घालू नका. भांडे फुरफुरू लागले की औषध संपत आले असे समजावे. दहा मिनिटांचे काम वीस मिनिटे घेऊ लागले तर यंत्र तपासा. सुजेवरचे औषध दिल्यावर मुलाला चूळ भरायला लावा, मास्क लावला असेल तर तोंडही धुवा. भांडे आणि मास्क दर वेळी धुऊन हवेवर वाळवा, आणि पत्रकात सांगितल्याप्रमाणे निर्जंतुक करा. ओले भांडे म्हणजे जंतूंचे घर, आणि तेच आपण पोराच्या छातीत सोडणार. स्पेसरही साबणाच्या पाण्याने धुऊन तसाच वाळवा. फडक्याने पुसला की त्यात वीज भारते आणि औषध भिंतीला चिकटते. आणि हो, चुलीच्या धुरात बसून पेटी लावणे, किंवा शेजारी बसून विडी ओढणे, ह्याला काय म्हणावे ते तुम्हीच ठरवा.

आता सर्वांत महत्त्वाचे. घरी यंत्र असले की माणूस थांबतो. ‘आणखी एकदा लावून पाहू’ म्हणतो. येथेच घात होतो. पोराला सलग वाक्य बोलवत नसेल, श्वासागणिक बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, ते गळून झोपाळू होत असेल, पाणी पिववत नसेल, किंवा औषध देऊनही गुण येत नसेल, अथवा चार तासांच्या आत पुन्हा धाप लागत असेल, तर उजाडायची वाट पाहू नका. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. डॉक्टरांकडून एका कागदावर लिहून घ्या : रोज काय, धाप लागली तर काय आणि किती, आणि कधी निघायचे. तो कागद यंत्रापाशी चिकटवून ठेवा.

गुरुजींना आणि बाईंना एक विनंती. पेटी घरी राहते, पोर मात्र शाळेत येते. पंप आणि स्पेसर दप्तरात मावतात. त्या कागदाची एक प्रत मागून घ्या, पंप कुलपात ठेवू नका, आणि दमा संसर्गाने होत नाही हे वर्गाला सांगा. अशा मुलाला खेळापासून कायमचे बाजूला बसवण्याचेही कारण नाही. दमा ताब्यात असला की ते खेळू शकते.

माझा भाचा आता तिसरीत आहे. त्याच्या दप्तरात पाटीशेजारी निळा पंप असतो. सुजेचे औषधही तो स्पेसरमधूनच घेतो, रोज संध्याकाळी, दिवा लावायच्या वेळी. मी घेतलेली ती महागडी जाळीची पेटी बहिणीच्या कपाटावर आहे. मी गेलो की तो ती खाली काढतो आणि विचारतो, “मामा, हिचं काय करायचं?” मी त्याला म्हणतो, “राहू दे. पुढच्या वेळी दुकानात जाताना मला तिची आठवण पाहिजे.”