ऐकून घेतले जाण्याचा हक्क : वस्तू व सेवा कराच्या एका नोटिशीविषयी

गतवर्षीच्या वार्षिक सभेत एका ज्येष्ठ देणगीदारांनी प्रश्न विचारला होता, "रुग्णालयाला कर माफ असतो ना? मग हिशेबाच्या टीपांमध्ये वस्तू व सेवा कराच्या वादाचा उल्लेख कशासाठी?" वेळेअभावी त्या दिवशी उत्तर अपुरे राहिले. ते येथे सविस्तर देत आहे.

१ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला. रुग्णावरील उपचार या करातून मुक्त आहेत, मात्र रुग्णालयाच्या आवारात जे जे घडते ते सर्वच मुक्त नाही. दाखल रुग्णाला दिलेली औषधे व आहार हा उपचाराचाच भाग मानला जातो, म्हणून त्यावर कर नाही. तीच औषधे बाह्यरुग्णाने खिडकीवरून विकत घेतली तर ती विक्री ठरते आणि कर लागतो. रुग्णाच्या नातेवाइकांनी उपाहारगृहात घेतलेल्या जेवणावरही कर आहे. १८ जुलै २०२२ पासून दिवसाला ५,००० रुपयांपेक्षा अधिक भाड्याच्या खोलीवर (अतिदक्षता विभाग वगळून) ५ टक्के कर आला. एकाच छपराखाली करपात्र व करमुक्त असे दोन प्रवाह वाहत असल्याने वादाला जागा राहते.

सप्टेंबर २०२३ मध्ये आपल्या संस्थेस २०१७-१८ या पहिल्या वर्षाबाबत कारणे दाखवा नोटीस आली. औषध विभागाची संपूर्ण उलाढाल आणि विवरणपत्रात दाखविलेली करपात्र विक्री यांतील सर्व फरकावर कर, व्याज व दंड प्रस्तावित होता. हा फरक मुख्यतः दाखल रुग्णांच्या औषधांचा होता. आम्ही मुदतीत लेखी उत्तर दिले. मात्र उत्तराच्या नमुन्यात 'व्यक्तिगत सुनावणी हवी का?' या रकान्यापुढे आमच्याकडून 'नाही' अशी नोंद झाली. कागदपत्रे जोडली आहेत, आता बोलण्यासारखे काय उरले, असा आमचा समज होता. ही चूक कार्यालयाची, म्हणजे पर्यायाने माझीच. डिसेंबरमध्ये आदेश आला. उत्तर समाधानकारक नाही, एवढेच त्यात म्हटले होते आणि संपूर्ण मागणी कायम होती.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, कायद्याचा अभ्यासक नव्हे. तरीही सनदी लेखापालांनी केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियम, २०१७ चे कलम ७५ समोर ठेवले तेव्हा त्यातील एका शब्दापाशी मी थबकलो. उपकलम (४) चा आशय असा की, करदात्याने लेखी मागणी केली असेल तेव्हा, किंवा त्याच्या विरुद्ध निर्णय घेण्याचे योजिले असेल तेव्हा, सुनावणीची संधी दिली जाईल. सारे वजन त्या 'किंवा'वर आहे. मागणी केली नाही म्हणून हक्क संपत नाही, कारण निर्णय विरुद्ध जाणार असेल तर संधी देणे हे अधिकाऱ्याचेच कर्तव्य ठरते. अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये 'भारत मिंट' प्रकरणात हेच सांगितले. पुढे २०२३ मध्ये 'मोहिनी ट्रेडर्स' प्रकरणात रकान्यात 'नाही' लिहिले असले तरी त्यामुळे हा हक्क बाधित होत नाही, असे त्याच न्यायालयाने म्हटले. याचे मूळ अर्थातच जुने आहे. दुसऱ्या बाजूचे ऐकल्यावाचून निर्णय नको, हे नैसर्गिक न्यायाचे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९७८ च्या मनेका गांधी खटल्यात पारपत्राच्या संदर्भात ठळकपणे मांडले होते.

याच कलमात आणखी तीन संरक्षणे आहेत. पुरेसे कारण दाखविल्यास सुनावणी पुढे ढकलून मिळते, मात्र तीनपेक्षा अधिक वेळा नाही. आदेशात वस्तुस्थिती व निर्णयाचा आधार नमूद असावा लागतो. नोटिशीत नसलेल्या कारणावरून अथवा नोटिशीतील रकमेहून अधिक मागणी करता येत नाही. आमच्या आदेशात दुसऱ्या संरक्षणाचीही उणीव होती.

अपिलाची मुदत तीन महिन्यांची असते. सबळ कारण असल्यास आणखी एक महिना मिळू शकतो, त्यापुढे नाही. अपील दाखल करताना वादग्रस्त कराच्या १० टक्के रक्कम आधी भरावी लागते. ही रक्कम सर्वसाधारण निधीतून भरण्यात आली. निर्धन रुग्ण निधीस हात लावलेला नाही, हे देणगीदारांच्या माहितीसाठी मुद्दाम नमूद करतो. तथापि सर्वसाधारण निधीतील पैसा अडकला की यंत्रसामग्रीची खरेदी पुढे जाते आणि त्याची झळ शेवटी रुग्णालाच लागते.

अपिलाच्या सुनावणीस मी स्वतः दाखल रुग्णांची औषध-नोंदवही व निवडक केसपेपर घेऊन गेलो. जोडपत्रांच्या गठ्ठ्यातून जे स्पष्ट झाले नव्हते, ते एका रुग्णाचा केसपेपर, औषधांची मागणीचिठ्ठी आणि अंतिम बिल शेजारी शेजारी ठेवताच अधिकाऱ्यांच्या लक्षात आले. त्यांनी शांतपणे ऐकले, दोन-तीन नेमके प्रश्न विचारले. वस्तू व सेवा कराच्या कायद्यात या टप्प्यावरील अपील प्राधिकाऱ्यास प्रकरण मूळ अधिकाऱ्याकडे परत पाठविता येत नाही, त्यामुळे निर्णय तेथेच झाला. दाखल रुग्णांच्या औषधांवरील मागणी रद्द झाली. बाह्यरुग्णांच्या काही बिलांवर कर आकारण्याचे आमच्याकडून राहून गेले होते. तेवढा कर व व्याज आम्हांस भरावे लागले, आणि ते रास्तच होते. आगाऊ भरलेल्या रकमेपैकी परत मिळावयाच्या भागावर वार्षिक ६ टक्के व्याज देय आहे. तपशील लेखापरीक्षित हिशेबाच्या टीपांत दिला आहे.

या अनुभवानंतर कार्यालयात काही बदल करण्यात आले. नोटीस पोर्टलवर चढविली की ती बजावली गेल्याचे धरले जाते, कागदी प्रत येईलच असे नाही. म्हणून दर सोमवारी व गुरुवारी पोर्टलवरील नोटिशींची सर्व पाने उघडून पाहिली जातात व तशी वहीत नोंद होते. नोंदणीस जोडलेला ई-मेल आता एका व्यक्तीचा नसून कार्यालयाचा आहे. सुनावणीच्या रकान्यात नेहमी 'होय' लिहिले जाते. औषध विभागात दाखल रुग्णांची व खिडकीवरील विक्रीची बिले वेगळ्या क्रमांकमालिकेत निघतात. बिलावर कर कोठे लागला व कोठे नाही, हे जाणून घ्यावयाचे असल्यास रुग्णांच्या नातेवाइकांनी तळमजल्यावरील लेखा विभागात अवश्य विचारावे.