व्यसन आणि आरोग्य – भाग ६ : सुटकेनंतरचे दोन आठवडे

गेल्या आठवड्यात आपण टर्की, म्हणजे नशा अचानक तुटल्यावर होणारा त्रास, पाहिला. तुरुंगात गेलेल्या व्यसनी माणसाला ती अनेकदा औषधाविना बराकीतच काढावी लागते. पुढे चार-सहा महिने गर्दची, म्हणजे हेरॉइनची, पुडी मिळाली नाही, की घरच्यांना वाटतं, आत गेला म्हणून तरी सुटला. ही समजूत जिवावर बेतणारी आहे. रोज गर्द घेणाऱ्याच्या मेंदूतलं श्वासाचं केंद्र मोठ्या मात्रेला सरावलेलं असतं. खंड पडला की तो सराव ओसरतो, ओढ मात्र तशीच राहते. बाहेर आलेला माणूस जुन्याच हिशोबाने पुडी घेतो, आणि एके काळी जेमतेम पुरणारी मात्रा त्याचा श्वास थांबवते. म्हणून सुटकेचा दिवस हा कायद्याइतकाच वैद्यकाचाही विषय आहे, असं माझं म्हणणं आहे.

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात १९९९ ते २००३ या काळात सुटलेल्या ३०,२३७ जणांच्या नोंदी मृत्यूच्या नोंदींशी ताडून पाहिल्या गेल्या. २००७ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : पहिल्या दोन आठवड्यांत त्यांचा मृत्यूचा धोका इतर रहिवाशांच्या १२.७ पट, आणि अमली पदार्थांच्या अतिमात्रेने मरण्याचा धोका १२९ पट. पण हे टाळता येतं. स्कॉटलंडने २०११पासून सुटणाऱ्यांच्या हाती नॅलॉक्सोन द्यायला सुरुवात केली. हे औषध काही मिनिटांत अफूवर्गीय द्रव्याचा परिणाम उतरवून श्वास परत आणतं. त्याचा असर तास-दीड तासात ओसरू शकतो, त्यामुळे रुग्णालय गाठावंच लागतं. ही योजना आल्यानंतर अफूवर्गीय द्रव्यांमुळे होणाऱ्या मृत्यूंपैकी सुटकेनंतरच्या चार आठवड्यांत घडणाऱ्यांचं प्रमाण ९.८ टक्क्यांवरून ६.३वर आलं.

दुसरा उपाय म्हणजे गर्दऐवजी ब्युप्रेनॉर्फिन हे पर्यायी औषध तुरुंगातच देणं. यावर पहिला आक्षेप ठरलेला : हे म्हणजे एक नशा काढून दुसरी लावणं. पण जिभेखाली विरघळणाऱ्या या गोळीने ओढ शमते, आणि एका मर्यादेपलीकडे ती श्वास दाबत नाही. फरक आहे तो इथेच. इंग्लंडमधल्या ३९ तुरुंगांच्या अभ्यासात, सुटताना अशा पर्यायी औषधावर असलेल्यांचे पहिल्या महिन्यातले मृत्यू इतरांपेक्षा ७५ टक्के कमी आढळले. तो अभ्यास निरीक्षणावर आधारलेला आहे, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते, हे खरं. तरी इतका मोठा फरक बाजूला सारता येत नाही. आणि हे आपल्याला परकंही नाही. दिल्लीच्या तिहारमध्ये हा उपचार २००८पासून सुरू झाला.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आपल्याकडची व्यसनं वेगळी, परदेशी आकडे इथे कसे लागू होतील? १२९ हा आकडा उचलून आपल्या कर्नाटकाला लावू नये, हे मलाही मान्य आहे. निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने बंगळुरूच्या मध्यवर्ती कारागृहात ५,०२४ बंद्यांची पाहणी केली, तेव्हा दर पाचांतल्या जवळपास चौघांना मानसिक आजार किंवा व्यसन यांपैकी काही ना काही होतं. त्यात सगळे गर्द घेणारे नव्हते. पण दारूचा सरावही आत राहून उतरतोच, आणि उपचार तुटला की सगळंच बिनसतं.

आपली खरी अडचण आणखी वेगळी आहे. २०२२च्या अखेरीस देशातल्या ५,७३,२२० बंद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. त्यांच्या सुटकेची तारीख आधी ठरलेली नसते. जामिनाचा आदेश येतो, नोंदवहीत सही होते, जमा केलेले पैसे-कपडे परत मिळतात आणि माणूस बाहेर. धारवाडच्या कारागृहातून सुटलेला असा कोणी सुभाष रोडच्या बाजारगर्दीत शिरला, की उपचाराचा धागा संपला. डिम्हान्ससारखी, १८४५च्या मनोरुग्णालयातून वाढलेली संस्था त्याच गावात असूनही! सुटकेच्या दिवशी पुढच्या उपचाराची चिठ्ठी लिहायला वेळ नसतो, म्हणून ती आत आल्याच्या दिवशीच तयार हवी : नाव, व्यसन, चालू औषध, बाहेर कुठे जायचं, घरी कुणाला सांगायचं. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने व्यसनातून उद्भवणारे विकार मानसिक आजारात धरले आहेत, बंद्यांच्या उपचारासाठी कलमही घातलं आहे. तेव्हा गुन्हेगारांवर खर्च कशाला, हा प्रश्न कायद्याने निकालात काढला आहे. शिवाय कच्च्या कैद्याचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा असतो.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा वार्षिक अहवाल तुरुंगातले मृत्यू मोजतो, फाटकाबाहेरचे नाही. कारागृहाची सुटका-नोंद आणि जन्म-मृत्यू निबंधकाचं दप्तर, दोन्ही सरकारीच आहेत. गोपनीयता राखून ती एकमेकांशी ताडून पाहायला धारवाडसारख्या एका जिल्ह्यापासून सुरुवात करता येईल.