आकाशातील धूळ मोजणारा प्रकाश

कौलांच्या फटीतून उन्हाचा कवडसा घरात उतरला म्हणजे हवेत तरंगणारी धूळ आपणांस एकाएकी दिसू लागते. धूळ आधीही तेथे होतीच. तिच्यावर पडलेला प्रकाश आपल्या डोळ्यांकडे वळला, तेव्हा कोठे ती दिसली. याच साध्या गोष्टीवर लिडार नावाची एक विद्या उभी आहे. तिच्याशी माणसांच्या प्राणांचा संबंध कसा पोहोचतो, हे पुढील हकीकतीवरून वाचकांच्या ध्यानात येईल.

२४ जून १९८२ च्या रात्री ब्रिटिश एअरवेजचे एक जंबो विमान क्वालालंपूरहून ऑस्ट्रेलियातील पर्थकडे चालले होते. जावा बेटाजवळ सुमारे ३७,००० फूट उंचीवर त्याची चारही इंजिने एकामागून एक बंद पडली. गालुंगगुंग ज्वालामुखीची राख विमानाच्या वाटेवर पसरली होती. अंधारात ती वैमानिकांना दिसली नाही. विमानातील रडार पावसाच्या थेंबांचा वेध घेणारे. कोरड्या राखेचा पत्ता त्यासही लागला नाही. ही राख चुलीतल्या राखेसारखी मऊ नव्हे. ती खडकाची व काचेची बारीक पूड होय. इंजिनाच्या धगीत ती वितळते आणि आतील भागांवर थिजून बसते. विमान खाली उतरत राखेबाहेर आले, थंड झालेल्या इंजिनांतील तो थर तडकून निघाला, इंजिने पुन्हा सुरू झाली आणि विमान जाकार्ता येथे उतरले. सर्वांचे प्राण वाचले.

अशी राख दुरूनच ओळखावी कशी? लेसर किरणाचा शोध १९६० साली लागला. १९६३ साली अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेत फिओको व स्मलिन या शास्त्रज्ञांनी तो किरण आकाशाकडे सोडून उंच वातावरणातून परत आलेला प्रकाश मोजला. लिडारची रीत तीच आहे. लेसरचा अत्यंत अल्पकाळ टिकणारा झोत वर सोडावयाचा. वाटेतील कणांवर आदळून त्याचा अल्पसा भाग मागे फिरतो, तो दुर्बिणीने गोळा करावयाचा. प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर धावतो. तेव्हा १० किलोमीटर उंचीवर जाऊन परत येण्यास त्याला सेकंदाचा सुमारे १५,००० वा भाग लागतो. एवढा सूक्ष्म काळ यंत्र मोजते आणि त्यावरून कणांची उंची सांगते.

पण उंची कळली म्हणजे काम संपले नाही. वर आहे ते धुके की राख, हेही कळले पाहिजे. त्यासाठी ज्याच्या लहरी एकाच पातळीत कंप पावतात असा प्रकाश सोडतात. पाण्याचा वाटोळा थेंब तो बहुतांशी तसाच परत पाठवितो. राखेचा वेडावाकडा कण मात्र ती पातळी बिघडवितो. परतलेल्या प्रकाशात हा बिघाड किती, यावरून कणांची जात ओळखता येते.

या विद्येची कसोटी एप्रिल २०१० मध्ये लागली. आइसलँडमधील एयाफ्यात्लायोकुत्ल ज्वालामुखीची राख युरोपवर आली आणि सुमारे एक आठवडा तेथील बहुतेक विमाने जमिनीवर खिळून राहिली. लाखो प्रवासी परक्या गावी अडकले. युरोपातील शास्त्रज्ञांनी २००० साली उभारलेली लिडार-केंद्रांची साखळी तेव्हा कामास आली. १६ एप्रिल रोजी जर्मनीतील लाइप्झिग येथील लिडारला राखेचा थर दिसला. प्रकाशातील तो बिघाड स्पष्ट होता. पुढे केलेल्या हिशेबात तेथे घनमीटरमागे जास्तीत जास्त सुमारे १ मिलिग्रॅम राख असावी असे निघाले. ब्रिटनमध्ये तोवर अल्पशीही राख वर्ज्य होती. त्याच महिन्यात २ मिलिग्रॅमपर्यंतची मर्यादा मान्य झाली. मर्यादा ठरली म्हणजे मोजणारा लागतोच.

या साधनाला उणिवाही आहेत. दाट ढग आडवा आला की लेसरची वाट खुंटते. एक यंत्र बहुधा आपल्या माथ्यावरचेच पाहते. कणांच्या वजनाचा आकडाही अंदाजाचाच असतो, कारण त्यांचा आकार व घनता गृहीत धरावी लागते. म्हणूनच अनेक केंद्रे एकमेकांस जोडावी लागतात. आपल्या जवळचे उदाहरण द्यावयाचे तर, पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत १९८६ सालापासून अनेक वर्षे लिडारने शहरावरील हवेतील कणांची नोंद ठेवण्यात आली.

निरभ्र दिसणारे आकाश रिकामे असतेच असे नाही, हे त्या १९८२ च्या रात्रीने शिकविले. धोका आहे एवढेच कळले तर माणूस घाबरून सर्वच वाटा बंद करतो. तो कोठे, कोणता व किती हे कळले, तर सुरक्षित वाट निवडता येते. लिडारचा खरा उपयोग आम्हांस यातच दिसतो.