माळ्यावरचं इंजिन भंगारात देण्याआधी

चाळ पुनर्विकासाला गेली की गिरगाव-लालबागच्या खोल्यांमधले माळे रिकामे होतात. कधी एखाद्या बिस्किटाच्या डब्यात मुठीत मावेल असं, तेलाने काळवंडलेलं इंजिन सापडतं. काका एनसीसीच्या हवाई शाखेत होते, तारेवर विमानं उडवायचे, एवढंच घरात आठवत असतं. मग ज्याला स्कूटरचं थोडं कळतं तो त्या इंजिनाचा निकाल लावतो आणि तिथेच फसतो.

गैरसमज : 'डिझेल' इंजिन म्हणजे पंपावरचं डिझेल चालेल.
वस्तुस्थिती : नाही चालणार. माथ्यावर टी आकाराचा स्क्रू असेल तर ते मॉडेलवाल्यांचं 'डिझेल'. 'ऑरोरा' नावाने अशी इंजिनं कोलकात्यातही बनत. त्यांना ईथर, रॉकेल आणि एरंडेल साधारण समभाग लागतं. ईथर फार कमी तापमानाला पेट घेतं, त्यामुळे नुसत्या दाबाने काम भागतं. तो दाब कमीजास्त करायलाच वरचा स्क्रू. एरंडेल आहे ते वंगणासाठी, कारण या टू-स्ट्रोक यंत्राला तेलाची वेगळी टाकी नसते.

गैरसमज : वर प्लग आहे, म्हणजे ठिणगी हवी आणि बॅटरीही कायम हवी.
वस्तुस्थिती : तो ग्लो प्लग. अमेरिकेत रे आर्डेन यांनी १९४७ साली तो बाजारात आणला. त्यात प्लॅटिनमयुक्त तारेचं वेटोळं असतं. दीड व्होल्टची बॅटरी फक्त सुरू करताना लावायची. नंतर इंधनातल्या मिथेनॉलची वाफ आणि प्लॅटिनम यांची रासायनिक क्रिया, शिवाय ज्वलनाची उष्णता, एवढ्यावर तार लाल राहते.

गैरसमज : पंखा फिरत नाही, म्हणजे इंजिन गेलं.
वस्तुस्थिती : बहुतेकदा आत जुनं एरंडेल सुकून डिंकासारखं चिकटलेलं असतं. टाकीत इंधन उरलेलं नाही याची खात्री करा, हेअर ड्रायरने इंजिन तापवा, पातळ तेलाचे थेंब सोडा आणि हाताने हलकेच हलवून बघा. डिझेल असेल तर माथ्यावरचा स्क्रू आधी सैल करा. पक्कड लावलीत तर मात्र ते खरंच जाईल.

गैरसमज : एवढंसं तर आहे, पोरांच्या हातात द्यायला काय हरकत?
वस्तुस्थिती : दीड-दोन सीसीचं इंजिनसुद्धा मिनिटाला दहा हजारांहून जास्त फेरे घेऊ शकतं. पंख्याने बोट फाटतं. ईथरची वाफ भडकते. मिथेनॉल तर विषच. २०१५ च्या मालवणी दारूकांडात शंभराहून अधिक माणसं दगावली ती त्यानेच. त्याची ज्योत उन्हात दिसतही नाही.

गैरसमज : सुरू झालं की शिवाजी पार्कात उडवू.
वस्तुस्थिती : ते मैदान २०१० साली शांतता क्षेत्र ठरवलं गेलं आणि या इंजिनाची किंकाळी गल्लीभर जाते. रिमोटवरच्या विमानांना ड्रोन नियम २०२१ लागू होतात. शिवाय मुंबई पोलीस वेळोवेळी बंदीचे आदेश काढतात. दोन्ही बघितल्याशिवाय काहीही उडवू नका.

उडवायचं नसेल तरी हरकत नाही. साफ करून, तेलाचा हात फिरवून ते कपाटात ठेवा. वजनावर विकलंत तर चहाचेही पैसे सुटणार नाहीत.