जमिनीतील कर्ब

वनस्पती हवेतील कर्बद्विप्राणिल वायू शोषून त्यातील कर्बापासून आपले शरीर घडवितात. पालापाचोळा व मुळे मातीत कुजली म्हणजे बहुतेक कर्ब जिवाणूंच्या श्वसनावाटे पुन्हा हवेत जातो; थोडा मात्र मातीच्या कणांस चिकटून दीर्घकाळ टिकतो. या वायूच्या वाढीने पृथ्वी तापत असता त्या थोड्या अंशास मोल आले आहे.

इंग्लंडातील रोथॅमस्टेड येथील प्रयोग या बाबतीत फार बोलका आहे. तेथे जवाच्या शेतातील एका पट्ट्यास १८५२ ते १८७१ पर्यंत दरवर्षी शेणखत दिले व पुढे बंद केले. दीड शतक लोटले, तरी कधीच खत न दिलेल्या पट्ट्यापेक्षा तेथे कर्ब अद्याप अधिक आहे. तथापि खत थांबताच साठा घटू लागला, हेही तितकेच खरे. आणि जेथे खत अखंड चालू राहिले, तेथेही वाढ पुढेपुढे मंदावली. सबब जमीन ही अथांग कोठी नव्हे, आणि कोळसा व तेल जाळण्यास तिच्या नावाने मोकळीक घेता येणार नाही.

आपल्याकडे उसाचे पाचट पेटविले की त्यातील कर्ब तत्काळ धुरावाटे जातो. तेच सरीत पसरून कुजविल्यास काही अंश मातीस लाभतो, ओलही टिकते. शाळेच्या आवारातील पाचोळ्याचेही असेच आहे. झाडून काडी लावण्याऐवजी तो खड्ड्यात टाकून पाणी शिंपडीत राहावे. खत बागेतील वाफ्यांसच द्यावे.