तारलीचे बेणे आणि मृगाचा पाऊस

कृषिविषयक मासिकात समुद्रातील मासळीचे वर्णन कशास, अशी शंका वाचकांस येणे साहजिक आहे. आमच्या कनेरगाव नाक्याहून अरबी समुद्र फार दूर; येथील पैनगंगेचे पाणीही शेवटी गोदावरीवाटे पूर्व समुद्रासच मिळते. तथापि ज्या नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यावर आमची खरिपाची पेरणी अवलंबून, त्याच वाऱ्यावर तारली या मासळीची पैदास अवलंबून असते. शिवाय कोंबड्यांच्या खाद्यात मासळीची जी भुकटी मिसळतात, तीतही तारलीचा वाटा असतो. म्हणून हा विषय शेतकरी बंधूंस अगदीच परका नव्हे.

तारली पूर्ण वाढली तरी वीतभरच असते. रत्नागिरी-मालवणपासून गोवा, कर्नाटक व केरळपर्यंत तिचे मोठमोठे थवे आढळतात. मृग-आर्द्राच्या सुमारास मोसमी वारे जोराने वाहू लागले म्हणजे दक्षिणेकडील किनाऱ्यालगतचे वरचे पाणी बाजूस सरते व खोल भागातील थंड पाणी वर येते. या पाण्यात क्षार विपुल असतात. जणू समुद्रास खतच मिळते. त्यावर डोळ्यांस न दिसणाऱ्या सूक्ष्म वनस्पती माजतात आणि तेच तारलीचे मुख्य अन्न होय.

नेमक्या याच हंगामात तारली अंडी घालते. एका मोठ्या मादीच्या उदरात चाळीस हजारांहून अधिक अंडी असू शकतात. ती पाण्यावर तरंगतात व सुमारे एका दिवसात फुटतात. पिल्लांची राखण कोणी करीत नाही. बहुतेक इतर माशांच्या भक्ष्यस्थानी पडतात. जी वाचतात, त्यांची वाढ प्रथम फार झपाट्याने होते. दसरा-दिवाळीपर्यंत ती 10 सेंटिमीटरच्या घरात जातात. पावसाळ्यानंतर मोठ्या तारलीच्या अंगी तेलही भरते. पुढे वाढ मंदावते. वर्षअखेर मासा सुमारे 15 सेंटिमीटर होऊन पुढल्या मृगास अंडी घालण्यास योग्य होतो. त्याचे आयुष्य अवघे दोन-अडीच वर्षांचे. सारांश, एका माशास अंडी घालण्यास एक-दोनच पावसाळे मिळतात. ते हुकले म्हणजे वंश खुंटला.

महसुली दप्तरात आम्ही पिकांची पैसेवारी पुष्कळ वर्षे लिहिली. परंतु समुद्राच्या पिकाइतका चढउतार कोठे पाहिला नाही. केरळात 2012 साली सुमारे 4 लाख टन तारली मिळाली. 2016 साली ती 46 हजार टनांच्या आसपास आली, आणि 2021 साली केवळ 3,297 टन. नंतर मात्र ती सावरली व 2024 साली दीड लाख टनांच्या जवळ गेली. समुद्राचे पाणी तापणे व अन्नाची टंचाई ही याची कारणे सांगतात. त्यांवर मनुष्याचा तत्काळ उपाय नाही. परंतु लहान पिल्लांची बेसुमार पकड हे जे आणखी कारण, ते सर्वस्वी मनुष्याच्या हातचे आहे.

आपल्या हिंगोली जिल्ह्यात हळद पिकविणारा शेतकरी भाव कितीही चढला तरी बेण्याचे गड्डे शिजवीत नाही. समुद्रातील बेणे मात्र कोणाच्याच घरी नसते. आपण सोडलेले पिल्लू उद्या दुसऱ्याच्या जाळ्यात जाईल, हे भय प्रत्येक कोळ्यास असते. म्हणून तेथे एकट्याचा संयम पुरत नाही. सर्वांस सारखा लागू होणारा नियम हवा. मद्रास सरकारने 1943 साली पिल्ले व अंड्यांवर आलेली तारली धरण्यावर निर्बंध घातले होते, पण ते फार काळ टिकले नाहीत. पुढे केरळने 2015 साली 10 सेंटिमीटरहून लहान तारली धरू नये असे ठरविले. महाराष्ट्रानेही 2023 साली 54 जातींच्या मासळीस किमान आकार ठरवून दिला. जून-जुलैत यंत्रनौकांस मासेमारीची बंदी असते, तिचा हेतूही हाच.

या दोन महिन्यांत घरी बसणाऱ्या खलाशाची चूल कशी पेटावी, हा प्रश्न राहतोच. त्याची सोय झाल्यावाचून नियम मनापासून पाळले जाणार नाहीत. पेरणी ते सुगी हातात पैसा नसणे म्हणजे काय, हे आम्हां शेतकऱ्यांस निराळे सांगावयास नको. यास्तव बंदीच्या काळात कोळी बांधवांस साह्य मिळावे, या मागणीस आपणही पाठिंबा द्यावा. आणि जे मासळी विकत घेतात, त्यांनी बोटाएवढी पिल्ले स्वस्त मिळाली तरी घेऊ नयेत, अशी आमची विनंती आहे.